उडती

ड्रायर नंबर चारची जाळी
दर दोन तासांनी ओढायची, अंगठ्यानं खरवडायची.
साय निघावी तशी निघते, अखंड,
राखाडी, अजून कोमट.

ग्रिम्सबीत, फ्रीमन स्ट्रीटवर,
अकरा वर्षं मी ती कचऱ्यात टाकली.

मग थॉमसिन आली. बुटांवर प्लास्टर, केसांत पेन्सिल.
म्हणाली, फेकू नका, मला द्या.
उशा भरणार का, मी विचारलं.
म्हणाली, चित्र करणार.
खोटं नाणं देणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघतात
तसं मी तिच्याकडे बघितलं.

दर गुरुवारी पोतं घेऊन यायची.
पुढं पुढं मीच पिशव्यांवर वार लिहायला लागले,
कारण एकदा दाखवलं तिनं आणि मग दिसायचं थांबेना:
सोमवारची निळसर, इस्पितळातल्या पाळीची.
बुधवारची पांढरी, जड, फिश डॉकवरच्या कोटांची,
दोनदा उकळून निघाली तरी
हॅडकचा वास न सोडणारी.
रविवारी फुटबॉलवाले. हरोत, जिंकोत,
रंग तोच: डांबर आणि दूध.
सगळं गाव थोडं थोडं झिजतं
आणि ती झीज माझ्या हातातून जाते,
हे पगाराच्या चिठ्ठीवर कधी लिहिलेलं नव्हतं.

बंद पडलेल्या एका धुराड्यात,
जिथं पूर्वी मासे टांगायचे,
ती थरावर थर द्यायची, साबणाचं पाणी शिंपडायची,
लाटण्यानं दाबायची.
लाटणं माझं.
पोळपाट मात्र मी दिला नाही.

तुमच्या भाषेत याला काय म्हणतात, तिनं विचारलं.
म्हटलं, उडती.
इचलकरंजीत, आमच्या गल्लीत तरी, हेच म्हणायचे.
रात्रपाळीला मागावरून उठायची,
दिव्याभोवती पाकोळ्यांसारखी फिरायची.
डबा द्यायला गेले की वडील लांबूनच खूण करत:
तोंड झाक. ओढणी धर.
सकाळी घरी यायचे ते भुवया पिकवून.
आंघोळ झाली की पुन्हा तरुण.
खोकला तेवढा आंघोळीनं गेला नाही.
सांगलीच्या डॉक्टरनं फिल्म खिडकीकडे धरली:
दोन्हीकडे दाट पांढरं, विणल्यासारखं,
कडेला सुटलेले धागे.
छान काम होतं.
त्याच्याखाली कुणी पट्टी लावली नाही.

यातलं काही मी तिला सांगितलं नाही.
इतकं इंग्रजी येतं मला.
पण ड्रायर थांबला होता
आणि कुणाच्या तरी चादरी गार होत होत्या.

मार्चमध्ये उद्घाटन झालं, जुन्या बँकेत,
जिथं पूर्वी मी बिल भरायला उभी राहायचे.
भिंतभर ते. लांबून ढग म्हणावा,
जवळ गेलं की ओहोटीचा हंबर,
चिखलात चाललेल्या निळ्या रेघा.
पट्टीवर: कापूस, पॉलिएस्टर, कुत्र्याचे केस,
माशाचा एक खवला, साबण, चाळीस आठवडे.
वर नाव. रोमन अक्षरांत.
कुणी उदाती म्हणालं, कुणी युडॅटी,
ड कुणाच्याच जिभेवर बसेना.

मी माझा हिरवा कार्डिगन शोधत होते.
तो नव्हता, किंवा असेल, राखाडी झाला असेल.
गणवेशातला पोरगा म्हणाला, मॅडम, हात लावू नका.
मी हात मागं घेतला.
अंगठ्याच्या नखात
सकाळची होती अजून.

एवढी माणसं एका खोलीत श्वास घेत होती,
वरचा कोपरा हलला.
एक तंतू सुटला आणि दिव्याखाली
सावकाश, कुणाला न विचारता,
माझ्या दिशेनं आला.

मी ओढणी तोंडाला लावायला गेले.
ओढणी नव्हती, कोट होता,
त्याचीच कॉलर ओढून धरली.

थॉमसिन लांबून बघत होती.
तिला वाटलं, मला भरून आलं.