सात ते दहा

सबस्टेशनच्या तक्त्यावर दिवस उंटासारखा दिसतो.
सकाळी एक मदार, लहान.
संध्याकाळी दुसरी, नको तेवढी उंच:
सातच्या ठोक्याला अख्ख्या सावद्याला
दिवे, पंखे, मिक्सर, मालिका एकदम हव्या असतात,
आणि तिकडे दीपनगरला
भट्टीत आणखी कोळसा लोटला जातो.

ही मदार छाटायची, एवढंच माझं काम.
हातात सुरी नाही. फोन आहे.

"वारकेशेठ, थंडी भरून ठेवली?"
"दुपारपासूनच भरतोय ताई."
त्यांच्या चेंबरात हिरवी केळी
उन्हाची वीज पिऊन गार बसलेली.
सातला कॉम्प्रेसर बंद.
साडेसोळाचे अठरा व्हायला तीन तास लागतात,
केळीला पत्ताही लागत नाही.
दाराची फट शेठनी जुन्या गोधडीनं बुजवली आहे.
ही युक्ती आमच्या पुस्तकात नव्हती.

डाळमिलवाले आधी दर विचारतात,
मग शिव्या देतात,
मग संध्याकाळचा आकडा ऐकून जेवायला जातात.
चिनावलचा यादव फालक मोटार आता दुपारी लावतो.
बारा वर्षं बॅटरीच्या उजेडात साप चुकवत गेला बिचारा.
म्हणतो, रात्री दोनला अजून जाग येते,
उठून नुसताच बसतो.

मी राहते फेकरीला.
अप्पांनी प्लँटात तीस वर्षं वाघिणी उलट्या केल्या.
एकदा विचारलं त्यांनी,
"काय करते व तू तठी?"
म्हटलं, "लोकांना थोडा वेळ काही न करायला लावते."
हसले. हसता हसता खोकला लागला.
"आन् तुले त्याचा पगार!"

हेमराज, माझा धाकटा,
तिथंच कंत्राटावर, कोळशाच्या पट्ट्याखाली.
हल्ली आठवड्यातून दोनदा त्याला फोन येतो:
उद्या येऊ नको.
तो मला काही विचारत नाही.
मी ताटात बट्टी मोडून देते, वरण जास्त वाढते.
आमच्या दोघांच्या फोनची रिंग सारखीच आहे.
वाजला की दोघंही दचकतो.

रात्री गच्चीवर अप्पा
मालगाडी आवाजावरून मोजतात.
अठ्ठावन्न वाघिणी, कधी एकोणसाठ.
काल दोनची गाडी आलीच नाही.
"लेट असंन," म्हणाले, आणि जागेच राहिले.
लेट होती की लागलीच नाही,
तक्त्यावर तेवढं कळत नाही.

सकाळी दोरीवरची पांढरी चादर झटकली.
राख होतीच.
कालच्यापेक्षा कमी? बोटानं रेघ ओढून पाहिली.
रेघ उमटली.

साडेसहाला पहिला फोन वारकेशेठना.
त्याआधी हेमराजला विचारायचंय
चेंबरात हमाल हवाय म्हणतात, जाशील का.
अजून विचारलेलं नाही.