किलकिलं आणि सताड

ज्या वर्षी एस्टोनियात जमिनी परत मिळू लागल्या
त्या वर्षीच्या ऑक्टोबरात
माइमू मोजणीदारीण गुडघाभर बुटांत आली.
रस्त्याकाठचं शेवाळ तिनं चमच्यानं खरवडलं
(खुरपं गाडीतच राहिलं होतं).
खाली दगड निघाला, त्यावर छिन्नीची फुली.
"बाबाची," लेइदा म्हणाली.
हेल्गी काहीच म्हणाली नाही.

दगडापासून डावीकडे, रस्त्यानं, दोनशे चाळीस मीटर: हेल्गीचं.
उजवीकडे दोनशे चाळीस: लेइदाचं.
दगडापासून आत, एकट्या ओकपर्यंत, एकशे ऐंशी.
ही मधली हद्द,
दोघी बहिणींत उरलेली एवढीच सामायिक गोष्ट.

पाया गुणिले उंची भागिले दोन,
हे दोघींनाही शाळेपासून पाठ.
पण उंची आणायची कुठून?
ओकपासून रस्त्यापर्यंत काटकोनात फीत धरावी
तर वाटेत दलदल.
वर क्रॅनबेरीचे लाल मणी, खाली तळ नाही.
सत्तेचाळीस साली तिच्यात घोडा गेला होता.

माइमू घोड्याच्या वाटेनं गेली नाही.
दगडावर तिवई रोवली,
भिंग आधी रस्त्याकडे, मग ओककडे फिरवलं,
वहीत लिहिलं: तीस अंश, वर दीड मिनिट.
दीड मिनिट तिनं वाऱ्याला माफ केलं.

जिथं पाय जात नाही तिथं कोन जातो.
साइन म्हणतात आता. आपल्याकडचं जुनं नाव ज्या,
धनुष्याची दोरी.
ज्या उंचीपर्यंत चालत जाता येत नाही
ती उंची लांबूनच ओढून आणते, ती ज्या.
एकशे ऐंशीचे निम्मे, नव्वद.
दोनशे चाळीस गुणिले नव्वद, त्याचं अर्धं:
दहा हजार आठशे चौरस मीटर,
बूट न भिजवता.

"आणि तिचं?" हेल्गीनं विचारलं.
लेइदाच्या बाजूचा कोन दीडशे अंशांचा,
ऐसपैस, पाय पसरून बसलेला.
"तेवढंच."
"तेवढंच कसं? तिचं मागचं कुंपण चारशे मीटर आहे.
माझं सव्वाशेही भरत नाही. मोजलंय मी."
खरंच मोजलं होतं, पावलांनी, तीनदा,
बहीण उठायच्या आत.

माइमूनं कोष्टक उघडलं नाही.
ती सॉनाच्या खोपटापाशी गेली
आणि दार जरासं ओढलं, किलकिलं.
"कड भिंतीपासून किती लांब?"
हेल्गीनं वीत लावली. दोन विती.
मग माइमूनं दार नेत नेलं, सताड,
पार पलीकडच्या भिंतीला टेकायला आलं तिथवर.
"आता?"
हेल्गीनं वीत लावली.
पुन्हा लावली.
दोन.

मग कुणीतरी म्हणालं
(कोण, ते दोघी आता वेगवेगळं सांगतात)
की बाबाकडे कुठलं आलंय भिंग,
दोरी असेल. रस्त्याची बाजू दोरीनं मापून
दोरी मधोमध दुमडली असेल
आणि घडी पडली तिथं दगड पुरला असेल.
एकोणपन्नासच्या मार्चात सैबेरियाची गाडी आली.
त्यातून दोघी परतल्या, तो नाही.
कुणाला कुठली बाजू, हे सांगून गेला नव्हता.
सांगायची गरजच ठेवली नव्हती.

हेल्गीनं सही केली.
मग विचारलं, "दलदल माझ्यातच धरलीय ना?"
"तुझ्यातच."
"तिच्यावर उभं राहता येत नाही."
"नाही," फीत गुंडाळत माइमू म्हणाली,
"पण क्रॅनबेरी तिथंच येते."

सॉनाचं दार लावायचं राहिलं.
रात्रभर वारा ते
दीडशेवरून तीसवर आणत होता
आणि परत नेत होता.