डायरेक्ट अमेरिकेहून

बोर्ड रंगवायचो मी, कॅम्पात.
दुकान एक, लिप्या दोन.
रात्री कुणीतरी एकीवर डांबर फासायचं,
सकाळी मीच परत लिहायचो.
धंदा बरा होता.

एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात कापशे शेटनं
लाकडाच्या वखारीत सिमेंट घोटून घेतलं,
आरशाचे तुकडे चिकटवून एक रांजण उलटा टांगला,
खाली लाल-हिरवे दिवे.
रोलर डिस्को. तासाला दोन रुपये, बूट धरून.
कॉलेजची पोरं भिंतीला हात लावून चालायची,
देवळात प्रदक्षिणा घालावी तशी.

बस्त्यावला भिंत लागायची नाही.
खानापूरच्या पलीकडं, जंगलातल्या वाडीवरचा सिद्दी,
ओंडके ओढायला आलेला.
बेअरिंगला ग्रीस लावता लावता
शटर पडल्यावर एकटाच शिकला.
उलटा जायचा. बसून जायचा.
एका पायावर जायचा, आणि दुसरा असा पुढं
की चुलीत लाकूड सारतोय.

शेटनं बघितलं. मला बोलावणं आलं.
"लिही. ब्लॅक जिमी, डायरेक्ट अमेरिकेहून."
कुठल्या लिपीत?
"दोन्ही. ह्यात भांडण नको."

चित्रही मीच काढलं.
केस एका कॅसेटच्या कव्हरवरनं घेतले,
ओठ माझ्या मनानं मोठे केले.
काळा कमी पडला
तेव्हा बोर्डांवरनं खरवडलेलं डांबर
रॉकेलात कालवलं.
बस्त्याव शेजारी उभा.
"एवढा काळा न्हवं की ओ मी, पेंटर."
मी म्हटलं, लांबनं दिसायला पाहिजे.

अट एकच, तोंड उघडायचं नाही.
महिनाभर उघडलं नाही त्यानं.
खडेबाजारातनं सोनाराची पोरगी सही मागायला आली,
तर वहीत ओंडक्यावर मारायची खूण काढून दिली.
केसाला हात लावायला रांग.
कुणी चिमटा काढून बोट बघायचं, रंग येतो काय.
ज्या हॉटेलात त्याची कपबशी खिडकीत वेगळी असायची
तिथनं जिमीसाहेबांना थंडा आला,
स्ट्रॉ घालून.

मग एका रविवारी लाइट गेली.
अंधारात चाकं तेवढी ऐकू येत होती,
आणि धप्प.
"आये गे, मेलो!"

कुणीच काही बोललं नाही.
मग एक जण हसला, मग सगळी वखार,
मग पैसे परत, पैसे परत.
लाइट आली तेव्हा तो घोटा धरून बसलेला,
आणि ह्या गावात सगळ्यांना विचारतात ते
कुणीतरी त्यालाही विचारलं,
मराठी काय कानडी?

"घरात कोकणी," बस्त्याव म्हणाला,
"बाजारात मराठी, फॉरेस्ट गार्डाला कानडी.
अमेरिकेची येत नाही.
शेट म्हणाले, गप बसलं की ती येते."

शेटनं बूट काढून घेतले,
आधी डावा, मग सुजलेला.
खानापूरच्या एसटीत त्याला कुणी चढवलं
मला ठाऊक नाही. मी माझे अकरा रुपये
मागायला थांबलो होतो.

पत्रा चांगला होता, टाकवेना.
पांढरा मारून त्यावर डेअरीचं नाव लिहिलं,
कोपऱ्यावर अजून आहे.
दर चैत्रात ऊन तापलं की
पांढऱ्यातनं डांबर पाघळतं.
आधी ओठ येतात.