नमुना क्रमांक ११२

एकतीस वर्षं बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवतो मी,
दांडिया बाजारातून सायकलने येऊन.
अक्षर सुवाच्य आहे, असं सगळेच म्हणतात.

डॉक्टर जुलेखा मजगुल पहिल्यांदा आल्या
तेव्हा शिपायाने हात केला, पेशंटची रांग तिकडे.
त्या गेल्या. उभ्या राहिल्या थोडा वेळ.
परत येऊन म्हणाल्या, तिथला पंखा बंद आहे.
मग बसल्या
प्रकल्पप्रमुखाच्या खुर्चीत.

फॉर्म वरून छापून आलेला.
पहिला प्रश्न, तुमचे पूर्वज कुठून आले?
त्यांनी तांबड्या पेनाने खोडला.
"रतनपुरात हे माझ्या आजीला विचारलं,
आईला विचारलं, नाकाची रुंदी मोजून झाल्यावर.
मला विचारलं तेव्हा मी सात वर्षांची.
म्हटलं, झगडियाहून. बसने."

वर नवा प्रश्न लिहिला :
मागच्या खेपेला रक्त दिलंत, त्यात काय निघालं
ते कुणी सांगायला आलं का?

मग जुनं रजिस्टर मागवलं.
कडा वाळवीने खाल्लेल्या, मधली पानं शाबूत.
पर्समधून काढली एक पिवळी चिठ्ठी,
आईने अकीकाच्या मण्यांच्या डबीत जपलेली.
एकशे बारा.
सिद्दी, स्त्री, वय चौतीस.
पेशींचा आकार विळ्यासारखा.
पुढचा रकाना, 'रुग्णास कळवले', कोरा.
अक्षर सुवाच्य.

"हाडं ठणकायची तेव्हा तिला बाबागोरच्या टेकडीवर न्यायचे,"
चहा गार झालाय म्हणावं तशा म्हणाल्या,
"तिथे निदान नाव विचारायचे."

मी बाटल्या पुसत राहिलो.
अक्षर त्यांनी ओळखलं का, अजून ठाऊक नाही.

आता समितीत सातजण, पाच रतनपूरचे.
त्यात एक दाई, एक ट्रकवाला,
आणि नर्सिंग शिकणारी एक पोर, जी सगळ्यांना गप्प बसवते.
त्यांनी ठरवलं, गोळ्या कुठे मिळतील ते आधी,
आकडे मागाहून.
रिपोर्ट घरी पोचल्याशिवाय
एक थेंब विश्वामित्री ओलांडणार नाही.

काल जीपमध्ये रिपोर्टांचं गाठोडं माझ्या मांडीवर.
गुजरातीत, ठळक, नावानिशी.
ओसरीवरच्या एका म्हातारीने कागद घेतला,
मला आपादमस्तक न्याहाळलं.
भाऊ, तुम्ही मराठी लोक
मूळचे कुठले?

मी सातारा म्हणू की वडोदरा,
जुळवत राहिलो.
जुलेखाबेननी पेनाचं टोपण काढलं.
लिहून घेऊ का, म्हणाल्या.