सरकीचा दुसरा व्हिडिओ

मी लग्नं शूट करतो. मानवत, पाथरी, सेलू,
बोलावलं तर जिंतूरपर्यंत.
बँडमधलं मला काय कळतं?
पण 'सरकी'चे दोन्ही व्हिडिओ मीच काढले
आणि दुसरा मीच पुसला.

प्रॅक्टिस जिनिंगमध्ये. मोईनचा मामू तिथं मुकादम,
रात्रपाळी नसली की किल्ली मिळायची.
एकशे सत्तर किलोची एक गाठ, अशा चाळीस
चारी बाजूंनी रचलेल्या, मध्ये ड्रम.
आवाज बाहेर जायचाच नाही.
अट एकच, आत बिडी ओढायची नाही,
आणि अश्रुबाला तीच जड जायची.
बेस धरून तो उभा राहायचा
बँकेच्या रांगेत नंबर लागल्यासारखा.
प्रबुद्धचा ॲम्प जयंतीच्या मिरवणुकीतला,
कडेला अजून निळा रंग.
दैवशाला दवाखान्यात दिवसभर हळू बोलायची,
उरलेलं सगळं रात्री माइकमध्ये.

पाच गाणी, तीन रात्री, एक लॅपटॉप.
झांजेवर रुई बसायची, मोईन दर गाण्यानंतर फुंकायचा.
तिसऱ्या गाण्यात एक पट्टा बंद करायचा राहिला,
सुरुवातीपासून शेवटपर्यंत घर्र.
तसंच ठेवलं.
लोक विचारायचे, हे कोणतं वाद्य?
मोईन म्हणायचा, प्रेस.

पहिला व्हिडिओ दुधनेच्या कोरड्या पात्रात.
मला सवय नवरीची. दैवशालाला स्लो मोशनमध्ये घेतलं,
वरून एडिटिंगमध्ये गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या.
तिनं पूर्ण पाहिलं. म्हणाली,
"दादा, हे मी मेल्यावर लावा."
पाकळ्या काढल्या. शेळ्या फ्रेममध्ये घुसल्या होत्या,
त्या राहू दिल्या.

मग गणपतीत सेलूला, आरतीनंतर वीस मिनिटं.
दुसऱ्या गाण्यालाच चिठ्ठी आली:
नाचायचं काहीतरी लावा.
लावा. वाजवा नाही.
संभाजीनगरला कॉलेजच्या स्पर्धेत दुसरे आले,
सर्टिफिकेटवर छापलं होतं, 'सरकारी बँड'.
अश्रुबानं ते फ्रेम करून घेतलं.

मोईनला दम्मामचा व्हिसा आला.
जायच्या आठ दिवस आधी, रात्री,
जिनिंगच्या वजनकाट्यावर सगळं सामान मांडलं,
जिथं ट्रक उभा राहतो तिथं हे चौघं.
काट्याच्या खोलीवर लाल आकडा पेटलेला:
तीनशे साठ. दैवशाला उडी मारायची
आणि आकडा हलायचा.
ड्रम जोरात आला की हलायचा.
एकाच टेकमध्ये झालं. शेवटी कोणी बोललं नाही,
आकडा मात्र बराच वेळ थांबेना.

दुसऱ्या दिवशी पाथरीला लग्न.
दोन कार्डं हळदीतच भरली,
तिसरं उघडलं तर त्यात हे.
लॅपटॉप गावात. मुलीचा बाप हात जोडून समोर,
अक्षता पडायला सात मिनिटं.
मी फॉरमॅट दाबलं.

सांगितलं, कार्ड करप्ट झालं.
अश्रुबा म्हणाला, "मग आता काय करू लालाव?"
मोईन म्हणाला, "जाने दे भाई, वापस आके करते."
हे चौथं वर्ष.
प्रबुद्ध हिंगोलीकडं ग्रामसेवक. अश्रुबा बियाण्याच्या दुकानात.
दैवशाला नांदेडला आयसीयूत, रात्रपाळी.
म्हणते, तिथं सगळी मशीनं वेगवेगळ्या लयीत वाजतात,
आणि वेड लागायची वेळ येते,
कोणी एक-दोन-तीन-चार म्हणतच नाही.

मागच्या महिन्यात एका पोरानं कुठलं तरी सॉफ्टवेअर लावून
जुन्या कार्डातून अकरा सेकंद काढून दिले.
आवाज नाही.
मोईनची काठी वर गेलेली, केसात रुई,
दैवशालाचे पाय जमिनीला टेकलेले नाहीत,
मागं लाल आकडा.
मग चित्र फाटतं आणि मेंदीचे हात येतात,
अनोळखी, हार धरलेले.

ग्रुप अजून आहे. डीपीवर त्या शेळ्या.
चार वेळा फाइल जोडली, चार वेळा काढली.
सेव्ह करताना नाव मागितलं.
मी आकडा लिहिला: ३९५.