हात

नियम एकच: कुणाचा हात घ्यायचा नाही.
ट्यूब आपली, पाणी आपलं, पंक्चरही आपलंच.

सूर सोडून ही तिसरी रात्र.
खिंडीनंतरच्या उतारावर
ब्रेक करपल्याचा वास,
पुढं रय्याचा लाल दिवा
वळणात विझतो, खाली पुन्हा उगवतो.
ती थांबत नाही. मीही हाक मारत नाही.

पहाटे साखळी तुटली.
टॉर्च दातांत धरून
कडी जोडत बसले, बोटं काळीकुट्ट.
घरी साधा मिक्सर
कधी उघडू दिला नव्हता कुणी.

उजाडल्यावर पाटी दिसली.
अक्षर अक्षर लावून वाचली:
गावाचं नावच हात.

एकटीच हसले.
फलजचं पाणी वाहत होतं, सगळ्यांसाठी.
त्यात माझे दोन्ही
कोपरापर्यंत बुडवले.