पायऱ्या

मखमलाबादच्या समाजमंदिराला पाच पायऱ्या होत्या.
पहिली डांबराखाली गेली तेव्हा मी चौथीत होतो.
पुढच्या दोन, एकेका निवडणुकीआधी.
यंदा काँक्रीट.
रस्ता रुंद, दिवे पांढरेफेक,
कडेनं पेव्हर ब्लॉक, अजून पान न थुंकलेले.

भागूजी तिडके काठी टेकत दारापाशी येतात.
चढायला उचललेला पाय
सवयीनं वर, आणि खाली पडतो.

‘साहेब, काम झ्याक झालं,’ ते इंजिनिअरला म्हणतात.
‘म्हाताऱ्यांना आता चढ नाही.
फक्त चौथी पायरी
आईनं पाटल्या मोडून दिलेली, नाव होतं वर.
ती कुठं आली, तेवढं खडूनं दाखवा.’

इंजिनिअरनं नकाशा उलटसुलट केला.
मग बूट जरासा
बाजूला घेतला.